बेड नंबर अकरावर दुसराच पेशंट दिसला आणि मी कॅन्टीनला गेले

मॅडम, मी कोल्हापुरात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव शाहूवाडी तालुक्यात. आमच्या भावकीत डॉक्टर होणारी मी पहिलीच. मेडिसिनच्या पोस्टिंगला अकरा नंबरच्या बेडवर गगनबावड्याकडचे एक आजोबा होते. पायाला सूज, दम लागणं. चार दिवस मी त्यांचीच केस घेत होते. झोपताना किती उशा लागतात विचारलं तर म्हणाले, "उशी कसली बाई, वाकळंची घडी करून भितीला टेकतो." त्यांची चंद्री नावाची म्हैस व्यायला आली होती, तिची काळजी त्यांना स्वतःच्या छातीपेक्षा जास्त. पाचव्या दिवशी गेले तर बेडवर दुसराच पेशंट, चादर बदललेली. आजोबा गेले असावेत. मी लॉगबुकवर सही घेतली आणि मैत्रिणींबरोबर कॅन्टीनला वडा खायला गेले. रात्री लक्षात आलं, मला काहीच वाटलं नव्हतं. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये पाय लटलटत होते, तीच मी!

घरीही तेच. वहिनीनं थायरॉइडचा रिपोर्ट मोबाइलवर पाठवून "हे लई वाढलंय का गं?" म्हणून विचारलं, मी "डॉक्टरांना दाखव" एवढंच लिहिलं. आई म्हणाली, "डॉक्टर व्हायच्या आधीच माणसं विसरायला लागलीस." बारावीच्या मैत्रिणी पुण्यात नोकऱ्या करतात, घरी पैसे पाठवतात. मी तीन वर्षं नुसती घोकंपट्टी करतेय. मी दगड होत चालले आहे का? आणि एक, केसपेपरवर आजोबांच्या मुलाचा मोबाइल नंबर बघितला होता, तो लक्षात आहे. फोन करू का?

— एक विद्यार्थिनी

पोरी,

आधी मला सांग, आजोबा गेले हे तुला कुणी सांगितलं?

पत्र पुन्हा वाचलं, त्यात कुठंच सापडलं नाही. बेडवर दुसरा माणूस होता आणि चादर बदललेली होती, इतकंच तू पाहिलंस. वॉर्डातला बेड रिकामा व्हायला कारणं पुष्कळ असतात, हे तुला आता माहीत आहे. सूज उतरली म्हणून डिस्चार्ज. रात्रीत दम वाढला म्हणून आयसीयू. पुढच्या तपासणीसाठी दुसरीकडं रेफर. नाहीतर डामा, डॉक्टर नको म्हणत असताना सही करून घरी जाणं. ज्याची म्हैस व्यायला आलीय असा गगनबावड्याचा माणूस पायाची सूज जरा ओसरल्याबरोबर "आता बरं हाय, जातो" म्हणून उठला असेल, याचीच शक्यता मला तरी जास्त वाटते. गेलेही असतील. हृदय थकलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही. पण तू विचारलं नाहीस, हे खरं.

का विचारलं नाहीस, याचा माझा अंदाज असा. "गेले असावेत" म्हटलं की प्रकरण मिटतं. विचारायला गेलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की त्याचं काहीतरी करावं लागतं. रडावं लागतं, नाहीतर आनंद होतो, नाहीतर "मग फॉलोअपला का नाही आले" ही नवी काळजी लागते. पाच मिनिटांत लेक्चर असताना, मैत्रिणी दारात थांबलेल्या असताना मन सोयीचा रस्ता धरतं. याला मी दगड म्हणणार नाही. ज्याला काहीच वाटत नाही तो सहज विचारून मोकळा होतो.

तर उद्या वॉर्डात जा. सिस्टरांच्या टेबलावर ॲडमिशन-डिस्चार्जचं रजिस्टर असतं. इनचार्ज सिस्टरना सांग, अकरा नंबरची केस मी घेत होते, त्यांचं पुढं काय झालं? नाहीतर युनिटच्या रेसिडेंटला विचार. त्याला चार तास झोप मिळालेली असते, तो खेकसेल, पण सांगेल. सगळ्यात पक्की बातमी वॉर्डातल्या मावशींकडं असते. कोण कधी गेलं, सोबत कोण होतं, जाताना काय म्हणालं, सगळं.

फोन मात्र करू नकोस. तो नंबर उपचारासाठी लिहून घेतला होता, तुझ्या मनाच्या समाधानासाठी नव्हे. त्या मुलाला अनोळखी नंबरवरून एक मुलगी "तुमचे वडील आहेत का हो?" असं विचारतेय, ही वेळ त्याच्यावर आणू नये. आजोबा डिस्चार्ज होऊन गेले असतील तर फॉलोअपची तारीख दिली असेल, आणि तुमच्या युनिटची ओपीडी कुठल्या वारी असते हे तुला ठाऊक आहे. गेले असतील तर रेसिडेंटला इतकंच विचार की नेमकं काय झालं. पोटॅशियम कमी झालं होतं? ठोके बिघडले? घरी गोळ्या बंद केल्या होत्या? ज्याची हिस्टरी तू घेतलीस त्याचं पुढं काय झालं हे कळेपर्यंत ती केस पुरी झाली असं समजू नकोस, लॉगबुकवर सही असली तरी. तुझं निदान बरोबर होतं का चूक, हे कळायला दुसरा मार्गही नाही. आपल्याकडं विद्यार्थ्यांना केस मांडायला शिकवतात, केसच्या मागं जायला फारसं कुणी शिकवत नाही. हा माझा जुना राग आहे, असो.

आता दगडाचं. तुझ्या पत्रात आजोबांचं निदान नाही. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय किती जोरानं रक्त ढकलतंय याचा आकडा, तो नाही, औषधं नाहीत. म्हशीचं नाव आहे. एवढ्यावरून मी निर्धास्त आहे.

पण तुला जे जाणवलं ते खोटं नाही, आणि तुझ्या एकटीचंही नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजात संशोधकांनी विद्यार्थ्यांची सहानुभूती वर्षागणिक प्रश्नावलीनं मोजली. २००९ साली छापून आलेला निष्कर्ष असा की पहिली दोन वर्षं ती टिकून असते आणि तिसऱ्या वर्षी घसरते. तिकडचं तिसरं वर्ष म्हणजे पुस्तकं सोडून वॉर्डात पेशंटसमोर पूर्ण वेळ उभं राहायचं वर्ष. म्हणजे माणूस जवळ येतो तेव्हाच मन मागं सरकतं. इकडच्या वॉर्डात मी पिढ्यान्‌पिढ्या पोरं पाहिली, मला त्या निष्कर्षाचं नवल वाटलं नाही. खाटा कमी, पेशंट ढीगभर, सिंधुदुर्गापासून निपाणी-चिकोडीपर्यंतची माणसं कोल्हापुरात येतात, नातेवाईक व्हरांड्यात चटई टाकून भाकरी सोडून बसलेले. यातल्या प्रत्येकासाठी पोटात कालवायला लागलं तर दुपारपर्यंत तुझ्यातच काही उरणार नाही.

कामाच्या वेळेला थंड राहणं हा या धंद्याचा भाग आहे, त्याची लाज बाळगू नकोस. विल्यम ऑस्लर हे आधुनिक वैद्यकशिक्षणातलं मोठं नाव. १८८९ साली पेनसिल्व्हेनियात बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं, की काहीही होवो, डॉक्टरचा चेहरा ढळता कामा नये. त्याच ऑस्लरांचा मुलगा १९१७ मध्ये महायुद्धात गेला. त्या धक्क्यातून ते नीट सावरले नाहीत आणि दोन वर्षांनी स्वतःही गेले. चेहरा न ढळण्याचा धडा देणारा माणूस आतून कोरडा नव्हता, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असे, कारण त्या भाषणाचा अर्धाच भाग सगळे उचलतात. कॅज्युअल्टीत छाती दाबताना रडायचं नसतं. तुझी गडबड एवढीच झाली की वॉर्डातला चेहरा तू रात्रीपर्यंत उतरवला नाहीस, आणि उतरवल्यावर एकटीच बसलीस. त्याच पोस्टिंगला तुझ्याबरोबर आणखी पोरं होती. त्यांच्यापैकी एकीला तरी अकरा नंबर आठवत असेल. तिला विचारून बघ.

"तीन वर्षं नुसती घोकंपट्टी" या तुझ्या वाक्याशी मी भांडणार आहे.

आजोबांना तू किती उशा लागतात असं विचारलंस. हा प्रश्न पुस्तकातला. सपाट झोपल्यावर दम लागतो का, हे त्यातून कळतं. उत्तर आलं वाकळीचं आणि भिंतीचं. तू ते बरोबर वाचलंस, म्हणून तर मला लिहिलंस. हा माणूस रात्री आडवा होऊच शकत नाही, बसून झोपतो! पहिल्या वर्षाच्या मुलीनं "उशी वापरत नाहीत" असं लिहून पान उलटलं असतं. किती जिने चढल्यावर दम लागतो, हाही तसाच पुस्तकी प्रश्न. ज्याच्या घराला जिनाच नाही त्याला काय विचारणार? मी विचारायची, वैरणीचा भारा घेऊन येताना वाटेत कुठं टेकावं लागतं? "पूर्वी थेट गोठ्यापत्तोर यायचो, आता विहिरीपाशी बसतो, मग परत आंब्याखाली." झालं, आजार किती पुढं गेलाय ते कळलं, आणि पुढच्या भेटीला औषध लागू पडतंय का तेही. विहिरीपाशी बसणं बंद झालं की समजायचं.

तंबाखूचं तर विचारूच नकोस. साठीची बाई समोर बसलेली, दातांवर काळी रेघ. "तंबाखू खाता का?" "नाही बाई, आमच्यात बायका खात न्हाईत." पुस्तकी हिस्टरी इथं संपली. "मिसरी लावता?" "व्हय, ती लावल्याबिगर परसाकडंच हुईत न्हाई." भाजलेली तंबाखूच ती, दिवसातनं चारदा हिरड्यांवर! पण तिच्या लेखी ती दात घासायची पूड. खोटं ती बोललीच नव्हती, प्रश्न चुकीचा होता. आता या दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचायला तुला काय काय लागलं ते बघ. तंबाखूनं तोंडात काय होतं ते पॅथॉलॉजीत पाठ केलेलं असावं लागतं, आणि शाहूवाडीतल्या आपल्या आजीला सकाळी उंबऱ्यावर बसून मिसरी लावताना पाहिलेलं असावं लागतं. मुंबईत वाढलेल्या तुझ्या वर्गमित्राकडं पहिलं आहे, दुसरं त्याला कमवावं लागेल.

विचारण्याचं मोल मी भावनेच्या भरात वाढवून सांगत नाही. १९७५ साली ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपीडीत आलेल्या ८० नव्या पेशंटांवर साधं काम केलं. पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हिस्टरी घेऊन झालेलं निदान लिहून ठेवायचं, आणि शेवटी काय ठरलं त्याच्याशी ताडून बघायचं. ६६ जणांचं निदान नुसत्या हिस्टरीवर बरोबर आलं होतं. हातानं तपासून ते ७ जणांत बदललं, लॅबच्या तपासण्यांनी आणखी ७ जणांत. तेव्हा स्कॅनची चैन नव्हती हे मान्य, पण आजही चांगला फिजिशियन कुठला स्कॅन करायचा हे हिस्टरीवरूनच ठरवतो.

आणि घोकंपट्टीला इतकं हिणवू नकोस. तू आंबा घाटाच्या माथ्याकडच्या मुलुखातली. पहाटे एक पोरगा पोटात कळ मारतेय म्हणून आणतात. अंगावर कुठं सूज नाही, जखम नाही. पापण्या जड, बोलणं बोबडं. ज्याचं पाठांतर कच्चं तो पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवेल. ज्याला मण्यारीचं विष नसांवर काय करतं हे तोंडपाठ आहे तो विचारेल, "रात्री खाली झोपला व्हतास काय?" मण्यार झोपलेल्या माणसाला रात्रीच चावते आणि दात उमटलेले बहुधा दिसतसुद्धा नाहीत. घोणस किंवा फुरसं असेल तर गोष्ट वेगळी. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकी करून बघायची. गोठलं नसेल तर विष रक्तात पोचलंय. प्लॅस्टिकची नळी चालत नाही. का चालत नाही? पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीत क्लॉटिंगची, म्हणजे रक्त गोठण्याची, जी साखळी तू शिव्या घालत पाठ केलीस, तिचं पहिलं टोक काचेच्या स्पर्शानं हलतं. त्या वीस मिनिटांत प्राथमिक आरोग्य केंद्रात पुस्तक उघडून बसायला वेळ नसतो, आणि घाटात रेंजही नसते.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम वाचलं नसशील तर शोधून वाच. रायगड जिल्ह्यात लाल विंचवाच्या दंशानं माणसं मरत होती, आणि विंचू चावला की काही मरतातच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. हा आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर पेशंटच्या खाटेशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायाचा थंडपणा टिपत राहिला. माणूस नक्की मरतो कशानं, हा त्याचा प्रश्न. उत्तर मिळालं की हृदय निकामी होऊन फुप्फुसात पाणी साठतं. त्यावर त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं, मृत्यू झपाट्यानं कमी झाले, आणि ऐंशीच्या दशकात ते काम लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बेड रिकामा झाल्यावर ते कॅन्टीनला गेले नसतील असं मी म्हणत नाही. भूक सगळ्यांनाच लागते, वड्याचा अपराध मनातून काढून टाक.

पुण्यातल्या मैत्रिणींचं मी थोडक्यात आटपते. त्यांना आज पगार आहे, तुला नाही, आणि हे बोचणारच. साडेचार वर्षं, वर्षाची इंटर्नशिप, मग सरकारी सेवेचा बाँड, मग पीजीची परीक्षा. हा हिशेब दहावेळा मांडून कमी होत नाही. घरची ओढाताण खरीच असेल तर शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांबद्दल कॉलेजच्या विद्यार्थी विभागात जाऊन विचार. कुढत बसण्यापेक्षा ते बरं.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यावर सोपवणार नाही. पेशंटबद्दल काही वाटत नाही इतकंच असेल तर वर लिहिलंय ते पुरे. पण रंकाळ्यावर चक्कर मारूनही बरं वाटत नाही, आवडीचं जेवण नकोसं होतं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, अभ्यासाचं पान पुढं सरकत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो थकवा नव्हे. तू मानसोपचार शिकते आहेस, ही यादी तुझ्याच पुस्तकातली आहे. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नेमलेल्या कृती गटाच्या २०२४ च्या पाहणीत पदवीच्या सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. म्हणजे तुझ्या बाकावर चौघी बसत असतील तर हिशेब कर. आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत सर-मॅडम ओळखतील ही भीती वाटते, ती मला समजते. मग बाहेरच्या डॉक्टरांकडं जा, किंवा १४४१६ वर फोन लाव. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पेशंटला "इतके दिवस अंगावर का काढलं?" असं आपण सगळे दरडावून विचारतो. स्वतःचं दुखणं अंगावर काढण्यात मात्र डॉक्टरांचा हात कुणी धरणार नाही.

राहिली वहिनी. "डॉक्टरांना दाखव" यात चूक काहीच नाही. चुकलं असेल तर ते तिथं पूर्णविराम दिला हे. थायरॉइडचा आकडा वाढलाय का, हे तिला रिपोर्टवरच्या ठळक अक्षरांवरूनही कळलं असतं. मग तिनं तुला का विचारलं? मला वाटतं तिच्या पोटात दुसरंच काही असेल. गोळी जन्मभर घ्यावी लागेल का, वजन यामुळंच वाढतंय का, मूल व्हायला अडचण येईल का. शेवटचा प्रश्न सासरी उघड विचारता येत नाही, तो नणंदेच्या मोबाइलवर रिपोर्टच्या आडून येतो.

रविवारी मलकापूरची एसटी धर. आईशी वाद घालू नकोस, ती म्हणाली त्यात तिची भीती जास्त आणि तुझी चूक कमी आहे. वहिनीबरोबर भांडी घासायला बस आणि विचार, "वहिनी, रिपोर्ट बघून कसली धास्ती वाटली गं?" मग गप्प राहा. तिला बोलायला वेळ लागेल. तुला जे नक्की माहीत आहे ते सांग, की रिपोर्टमधला टीएसएचचा आकडा वाढणं म्हणजे थायरॉइड कमी काम करतेय, हा आजार बायकांत फार आढळतो, आणि उपचार नीट झाले तर मूल व्हायला आडकाठी राहत नाही, मात्र दिवस राहायचा विचार असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगायला हवं. जे माहीत नाही त्याला "मला माहीत नाही, आपण विचारू" म्हण. तिचे प्रश्न एका कागदावर लिहून दे आणि जमलं तर डॉक्टरांकडं तिच्याबरोबर जा. गोळी सुरू झाली तर सकाळी उपाशीपोटी घ्यायची, लगेच वर चहा प्यायचा नाही, आणि सहा-आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं, ही आठवण तू ठेवू शकतेस. पण गोळीचं नाव आणि डोस तू सुचवायचा नाही. इंटर्नशिप संपून मेडिकल कौन्सिलची नोंदणी हातात येईपर्यंत तो अधिकार तुझा नाही, वहिनीनं कितीही गळ घातली आणि गावानं आतापासूनच डॉक्टरीण म्हणून हाक मारली तरी.